रोवणीची चाल

१

राजकुमारच्या राइस मिलमागे धानाच्या कोंड्याचा ढीग असतो. दिवाळीनंतर नवं धान भरडायला येऊ लागलं की तो वाढत जातो आणि डिसेंबरात मागच्या भिंतीवरून डोकं काढतो. दोन हजार अठराच्या डिसेंबरात तीन मित्र रोज सकाळी सातला त्या ढिगावर चढायचे आणि उतरायचे. बर्फात चालायचा सराव म्हणून.

कल्पना राजकुमारची. तिघेही अड्याळच्या शाळेत एका बाकावर बसलेले, आता पंचेचाळिशीला टेकलेले. राजकुमार मिलचा मालक, अश्वजित गावातल्याच शाळेत बाबू, आणि मंगरू राजकुमारच्या मिलवर मशीन चालवणारा. राजकुमारनं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि ठरवून टाकलं की यंदा जानेवारीत हिमाचलात जायचं, बर्फातला डोंगर चढायचा. पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद, लंबगोल चौकटी त्यानं पार्सलनं मागवल्या. पुढून गोल आणि जरा वर वळलेल्या, मागे निमुळत्या, खाली लोखंडी दात. मंगरूनं त्या हातात घेतल्या आणि लगेच नाव ठेवलं, सुपं. म्हणाला, आमच्या घरी याच्यात तांदूळ पाखडतेत, तुमी पायात घालाले लावता.

चढताना तिघेही सारखेच धापा टाकायचे. उतरताना मंगरू वळायचा, ढिगाकडे तोंड करायचा, कमरेत वाकायचा आणि एकेक पाय मागे टाकत खाली यायचा. आठ वर्षांचा असल्यापासून तो आईसोबत लोकांच्या बांध्यांमध्ये, धानाच्या बांधबंदिस्त शेतांत, रोवणीला गेलेला. चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावणारा माणूस मागेच सरकतो. पुढे सरकला तर आपलेच पऱ्हे तुडवतो. ती चाल त्याच्या अंगात होती. हसवायला म्हणून तो उजव्या हाताची तीन बोटंही कोंड्यात खुपसायचा, जणू पऱ्हा लावतोय. राजकुमार पोट धरून हसायचा, व्हिडिओ काढायचा, त्याला रोवणीवाली बाई म्हणायचा. अश्वजितही हसायचा. घरी जाताना मात्र त्याला राग यायचा. राजकुमारचा, आणि आपण हसलो याचाही.

शेवटच्या दिवशी मंगरूचं डावं सूप ढिगाखालच्या दगडावर आपटलं. पुढचा एक दात मोडला, पट्टी सैल झाली. त्यानं घरून तार आणली आणि पट्टी आवळून बांधली. तारेचं एक टोक मोकळंच राहिलं.

२

हिमाचलातल्या वाटाड्यानं पहिल्या सकाळी एकच गोष्ट तीनदा सांगितली. काहीही झालं तरी मागे पाऊल टाकायचं नाही. मागचं टोक बर्फात शिरतं आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं असलं तर मोठा फेरा घ्यायचा. मंगरूनं मान डोलावली. त्याच्या पाठीवर तिघांच्या जेवणाची पिशवी होती. ती त्याच्याकडे कशी आली, हे कुणी ठरवलं नव्हतं. राजकुमार एवढंच म्हणाला होता की त्याले सवय आहे.

दुसऱ्या दिवशी ते देवदारांच्या वर पोचले. तिथून पुढे कशालाच आवाज नव्हता. होता तो फक्त सुपांचा. टाच उचलली की सूप मागून बुटाला आपटायचं, खट. मंगरूचं डावं पाऊल उचललं की खटच्या मागोमाग त्या मोकळ्या तारेचं बारीक चिन् वाजायचं. अश्वजित पुढे होता, पण त्या आवाजावरून त्याला मंगरू किती मागे आहे ते कळत होतं. बाराच्या सुमाराला तो आवाज फारच मागे पडला.

वाटेवर एक सपाट खडक होता. राजकुमारनं मंगरूला तिथं थांबवलं.

"बस इथंच. हलू नको. आमी वर डोंगराची धार पाहून तासाभरात येतो."

"मी बी येतो ना बे. हळूहळू."

"तू हळूहळू येशील तं इथंच सांज होईन. बस म्हटलं ना."

मिलवर पट्टा घसरला की राजकुमार ज्या आवाजात बोलायचा, तोच आवाज. मंगरू बसला. वाटाड्या कुरकुरला, एकट्याला सोडणं बरं नाही म्हणाला. राजकुमारनं त्याला गप्प केलं. अश्वजित काही बोलला नाही. धार त्यालाही पाहायची होती.

३

ते सव्वा तासानं परत आले. खडकावर जेवणाची पिशवी होती. शेजारी मंगरूची काठी बर्फात उभी रोवलेली होती. मंगरू नव्हता.

खडकाच्या डाव्या अंगाला उतार होता आणि उताराखाली एक घळ. घळीपासून खडकापर्यंत सुपांच्या ठशांची एक रांग होती. डाव्या पायाच्या प्रत्येक ठशात पुढचा एक दात उमटलेला नव्हता. ठशांची गोल, पुढची बाजू खडकाकडे होती. वाटाड्यानं पाहिलं आणि सांगितलं की तो लघवीला वगैरे तिकडे गेला असेल, तिकडून परत आला, आणि कंटाळून मळलेल्या वाटेनं खाली निघाला. ती वाट चौघांच्या पावलांनी आधीच तुडवलेली होती, तिच्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

अश्वजित तिथंच उभा राहिला. जाऊन परत आला असता तर दोन रांगा हव्या होत्या. एकच होती. आणि ठशांच्या मधोमध, वीतभर अंतरानं, बारीक खड्डे होते. ओळीत, तीन-तीन बोटं एकदम खुपसल्यासारखे. वाटाड्या म्हणाला, काठीचे. काठी तर खडकापाशी उभी होती.

अश्वजितनं राजकुमारला बाजूला ओढलं. "राजू, तो तिकडून आला नाई. तिकडे गेला. रोवणीसारखा."

राजकुमारनं ठशांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मी सांगतो वाटाड्याले," तो म्हणाला. "तू चूप राय."

आणि ते मळलेल्या वाटेनं खाली निघाले.

४

दोन दिवस शोध झाला, सगळा खालच्या बाजूला. तिथल्या गावची माणसं आली, पोलीस आले. दुसऱ्या रात्री बर्फ पडलं आणि तिसऱ्या दिवशी खडकापाशी कोणाच्याही पावलाची खूण उरली नाही.

कागद लिहून द्यायची वेळ आली तेव्हा मजकूर राजकुमारनं सांगितला. मंगरू दमला होता, स्वतःहून मागे फिरला, आलेल्या वाटेनं खाली गेला. एकट्याला सोडल्याचा ठपका नको म्हणून वाटाड्यानंही तेच सांगितलं. अश्वजितनं त्याखाली सही केली. त्याला वाटलं, घळीचं राजकुमारनं तोंडी सांगितलंच आहे, तिकडे पाहून झालंच असणार.

परतीच्या गाडीत, आपलं स्टेशन तासाभरावर आलं असताना, त्यानं विचारलं. "घळीचं तू सांगितलं होतं ना?"

राजकुमार मोबाइलमध्ये पाहत होता. "काय?"

"वाटाड्याले. तो उलटा गेला म्हणून."

"आता कायले काढून राहिला थे?" राजकुमार म्हणाला. मग मान वर केली. "घळीचं सांगितलं असतं तं आपण त्याले एकट्याले बसवलं, हे बी निघालं असतं. थे लिहून द्यायचं होतं का तुले? दोघंही आत बसलो असतो."

समोरची सीट रिकामी होती. मंगरूचं तिकीट होतं तिथं. अश्वजितला उठून राजकुमारच्या तोंडात मारावंसं वाटलं. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि स्टेशन येईपर्यंत तिथंच उभा राहिला.

५

मग वर्ष गेलं. अश्वजित राजकुमारशी बोलेनासा झाला. रस्त्यात दिसला तर तो पलीकडून जायचा. राग त्याच्या दिवसाचा भाग झाला, चहासारखा. सकाळी उठला की तो आधी आठवून पाहायचा, आहे ना. असायचा. राग होता तोवर दुसरं काही आठवावं लागत नव्हतं.

मंगरूची बायको वच्छला मिलवर कोंडा भरायला जाऊ लागली. तिनं नवऱ्याच्या फोटोला हार घातला नाही. घरच्यांनी गेलेल्यासाठीचं पुण्यानुमोदन करायचं म्हटलं तरी ती ऐकेना. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर तिकडच्या लोकांनी पुन्हा शोधलं होतं, मळलेल्या वाटेच्या दोन्ही अंगांना. काही मिळालं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला तिकडच्या ऑफिसचं पत्र आलं. ती ते घेऊन अश्वजितच्या घरी आली, कारण गावात असले कागद वाचायला लोक त्याच्याकडेच यायचे. पत्रात होतं की प्रकरण बंद करत आहोत. नवी माहिती असल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावी, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात त्या जागी माणसं पाठवता येतील.

वच्छलानं पत्राची घडी केली. "भाऊजी, तुमी सोबत होते. एक डाव सांगा मले. थे कोन्या अंगानं गेले?"

"खाली गेला वैनी. आलेल्या वाटेनं."

"देह नाई भेटला तं नाई. कोन्या बाजूले तोंड करून हात जोडू, येवढं तरी कळाले पायजे ना."

ती गेल्यावर अश्वजितची बायको हर्षा म्हणाली की तुमी तिच्याशी बोलता तवा भिंतीकडे पाहता. तो हर्षावर इतक्या जोरात खेकसला की ती हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. आपण हिच्यावर का ओरडलो, हे त्याला कळलं नाही. त्यानं ते राजकुमारच्या नावावर टाकलं.

६

अश्वजितचा सकाळचा फेरा ठरलेला होता. पावणेसातला निघायचं, मिलच्या मागच्या भिंतीजवळून नहरापर्यंत, कालव्यापर्यंत, जायचं आणि परत यायचं. वीस डिसेंबरला भिंतीच्या खिंडारापाशी तो थांबला.

रात्रीच्या दवानं कोंडा भिजून बसला होता. खिंडारापासून ढिगाच्या माथ्यावरून मिलच्या मागच्या दारापर्यंत ठशांची एक रांग गेली होती. लंबगोल, एकीकडे गोल, एकीकडे निमुळते. गोल बाजू शेताकडे.

पाहणाऱ्याला वाटलं असतं, कोणीतरी मिलमधून निघून शेतात गेलं.

त्यानं स्वतःला समजावलं. लहानपणी त्यानं उलट्या पायांच्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि तेव्हाही त्या खऱ्या मानल्या नव्हत्या. त्याच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. ठशांना पाय लागतात, पायांना माणूस लागतो. सुपांचे तीन जोड होते. एक त्याच्या स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेला, एक डोंगरात राहिलेला. उरला राजकुमार.

तो तसाच मिलच्या केबिनमध्ये गेला. वर्षभरात पहिल्यांदा. राजकुमार अगरबत्ती लावत होता.

"तुले लाज नाई वाटत?" अश्वजित म्हणाला. "तुई सुपं दाखव."

राजकुमारनं कॅलेंडरखालच्या खिळ्याकडे बोट केलं. जोड तिथं लटकत होता. दोन्ही सुपांच्या मध्ये कोळ्यानं जाळं केलेलं होतं, जुनं, धूळ बसलेलं.

अश्वजितनं त्याला दंडाला धरून मागे नेलं. राजकुमार ढिगापाशी आला तो चिडलेला होता, सकाळी सकाळी डोक्षात काय घेऊन आला बे, म्हणत होता. मग त्यानं एका डाव्या ठशाकडे पाहिलं. त्या ठशात पुढचा एक दात उमटला नव्हता. दोन ठशांच्या मधोमध कोंड्यात खड्डे होते, तीन-तीन बोटांचे. अश्वजितनं वाकून एकात बोट घातलं आणि झटकन काढलं. वरचा कोंडा नुसता ओला होता. आत हात बधिर होईल इतकं गार होतं.

राजकुमारनं लगेच मिलमधल्या माणसाला हाक मारली आणि सांगितलं की फावडं घे, हा ढीग सारखा कर, आत्ताच्या आत्ता.

"पुसून राहिला का तू?" अश्वजित म्हणाला.

"कोंडा माहा आहे," राजकुमार म्हणाला. त्याचा आवाज मिलवाला नव्हता. त्यानं अश्वजितकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मिल बंद होती. राजकुमार नागपूरला लेकीकडे गेला, कधी येईल ठाऊक नाही, असं कळलं. मिलच्या मागच्या दाराला आतून लाकडाचा ओंडका लावलेला होता. अश्वजितला हे पाहून बरं वाटलं. पळाला, तो मनाशी म्हणाला. दिवसभर तो तेच म्हणत राहिला.

७

एकोणतीस तारखेला धुकं होतं. नहराच्या पाळीवरून पलीकडच्या बांध्या अर्ध्याच दिसत होत्या. धान निघालेलं, मधे पेरलेली लाखोळीची डाळ हिरवी झालेली. तिसऱ्या बांधीत कोणीतरी कमरेत वाकून होतं. अश्वजितकडे त्याची पाठ होती. लाखोळीची भाजी खुडणारी बाई असेल, त्याला वाटलं. अंगात लाल जॅकेट होतं. गावात लाल जॅकेटं पुष्कळ होती. राजकुमारनं आपलं जुनं मंगरूला दिलं होतं तेही लालच होतं.

उजवा हात खाली जायचा, जमिनीला लागायचा, वर यायचा. पुन्हा खाली. भाजी खुडणारीचा हात असा चालत नाही. ती खुडते आणि ओटीत टाकते. हा हात नुसता जमिनीत काही ठेवत होता.

पाठ आहे ना आपल्याकडे, अश्वजितनं स्वतःला सांगितलं. म्हणजे दूर चाललंय. त्या विचारानं त्याचा श्वास जरा मोकळा झाला. जाऊ द्यावं. तो पाहत उभा राहिला.

थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की ते माणूस दुसऱ्या बांधीत आहे. मधल्या बांधाचा धुरा ओलांडताना त्याला दिसलं नव्हतं. पाठ तशीच त्याच्याकडे होती, वाकलेली, डोकं पुढे कुठं तरी खाली. पण आता जॅकेटवरची शिवण दिसत होती.

पाठ मोठी होत होती.

तो घरी कसा पोचला हे त्याला नंतर आठवलं नाही. आठवलं ते एवढंच की वाटेत त्याला संताप आला होता, भीतीपेक्षा जास्त. माह्या मागे काहून? सांगितलं नाही ते राजकुमारनं. बसवलं राजकुमारनं. कागद राजकुमारचा. मी तर ओळखलं होतं. मीच एकटा होतो ज्यानं ओळखलं होतं.

८

एकतीस तारखेला तो फेऱ्याला गेला नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहून पेपर चाळत होता. दाराची कडी बाहेरून लावून हर्षानं सहालाच दारापासून फाटकापर्यंत अंगण सारवलं होतं. मग ती नळावर गेली होती. घरात कोणी नव्हतं.

ती घागर घेऊन परत आली आणि फाटकातच थबकली.

"अजी, माह्यं सारवण कोनं तुडवलं? थे सुपं तुमीच घातली ना?"

अश्वजित वळला. ओल्या सारवणात फाटकापासून दारापर्यंत रांग होती. गोल बाजू फाटकाकडे. शेवटचा ठसा उंबऱ्याला लागून होता, निमुळतं टोक घराकडे करून. मधोमध खड्डे. तो सकाळपासून फाटकापाशीच होता आणि त्याच्या शेजारून कोणी गेलं नव्हतं. कडी लावलेलीच होती.

हर्षा घागर ठेवून बडबडत शेजारच्या परसातून शेण आणायला गेली. तेवढ्यात वच्छला आली. हातात पत्र होतं. आज शेवटचा दिवस होता आणि तिला उत्तर लिहून हवं होतं. तिनं अंगणाकडे पाहिलं आणि सारवण मोडू नये म्हणून फाटकाबाहेरच थांबली.

"कोनी आलतं का तुमच्या घरी? आत्ताच बाहेर गेल्यासारखं दिसते."

अश्वजितच्या तोंडात राजकुमारचं नाव तयार होतं. वर्षभर तयार होतं. पण त्याला तो खडक दिसला. खडकापाशी उभा असलेला वाटाड्या दिसला, दोन हातांवर, त्याच्या तोंडाकडे पाहत. वाटाड्याला हिंदी येत होतं. अश्वजितलाही येत होतं. दोन हात अंतर होतं आणि त्यानं राजकुमारला बाजूला ओढलं होतं.

"गेला नाई वैनी," तो म्हणाला. "आला. उलटा चालत आला. तिथंही तो उलटाच गेलता, डाव्या अंगाले, घळीत. खाली नाई. मी पाहिलं होतं."

वच्छला रडली नाही. पत्राची घडी तिनं हळूच पदरात खोवली.

"पाहिलं होतं," ती म्हणाली. "मंग तवा काहून नाई बोलले?"

तिच्या आवाजात जो राग होता, त्यापुढे त्याचा वर्षभराचा राग काहीच नव्हता. 

घरात खट वाजलं. मग बारीक चिन्.

वच्छलानं मान वळवली. पुन्हा वाजलं, स्वयंपाकघराच्या बाजूनं, जरा जवळ. खट. चिन्.

"थे तार मी देल्ली होती," ती म्हणाली. "कपडे वाळवाची."

तिनं चपला काढल्या आणि सारवणातून सरळ दाराकडे निघाली, एकेका ठशात पाय ठेवत. उंबऱ्यापाशी थांबली. कडीवर हात ठेवला. आतला आवाजही थांबला, दाराच्या अगदी पलीकडे.

अश्वजितला तिला थांब म्हणायचं होतं. त्याची नजर कडीवर होती, तिच्या हातावर होती. रस्त्यापलीकडच्या खांबाचं लोखंड पाठीला गार लागलं तेव्हा त्याला कळलं की घराकडे तोंड करून, एकेक पाऊल टाकत, तो केव्हाचा मागे सरकतो आहे.